मुरूम, माती आणि चाक

नाशिकहून मालेगावला जाताना मुंबई-आग्रा महामार्ग लागतो. रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे. एस.टी. भरधाव धावते आणि खिडकीजवळ बसलेल्या माणसाला हळूच डुलकी लागते. पण चांदवडच्या पुढे महामार्ग सोडून आडबाजूच्या एखाद्या वाडीवर तुम्ही कधी गेला आहात का? थोडे अंतर गेले की डांबर संपते. चाकांचा आवाज बदलतो. गाडी खडखडू लागते, मागे धुळीचा लोट उठतो आणि डुलकी घेणारा माणूस दचकून जागा होतो. इथून कच्चा रस्ता सुरू झालेला असतो.

‘कच्चा’ आणि ‘रस्ता’ हे दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. ‘रस्ता’ हा शब्द फारसीतून आला आणि उर्दूत जसा रुळला तसाच मराठीतही रुळला. मराठीचा आपला जुना शब्द ‘वाट’. माणसे चालून पडते ती पायवाट, बैलगाड्या जाऊन पडते ती गाडीवाट. शेतांच्या बांधांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्याला ‘पाणंद’ म्हणतात आणि गावाच्या शिवेवरून, म्हणजे हद्दीवरून, जाणारा तो ‘शिवरस्ता’. एका रस्त्याला इतकी नावे आहेत, यावरूनच त्याच्याशी माणसाचा किती संबंध येतो ते कळते. शेतातला कांदा, द्राक्षे, टोमॅटो याच वाटांनी बाहेर पडतात आणि मग लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजारात पोहोचतात. दूध याच वाटेने जाते. शाळेतली मुले जातात. आणि रात्री-अपरात्री आजारी माणूसही याच वाटेने दवाखान्यात न्यावा लागतो.

तुम्ही अजून गाडी चालवत नाही. जीप किंवा गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो, आणि ते योग्यच आहे. तरीही हा पाठ तुमच्यासाठी आहे. कारण जीपच्या मागच्या बाकावर तुम्ही बसता, आणि “चाचा, जरा जोरात घ्या ना!” असे म्हणणारेही बहुधा तुम्हीच असता. तेव्हा आज आपण अशाच एका चाचांच्या जीपमध्ये बसू. चाचा मनाने आपणच कल्पिलेले आहेत. पण त्यांच्यासारखे चालक तुम्हांला जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यात भेटतील.

निघण्यापूर्वी पायाखालची जमीन पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या या भागात जमिनीतून लाव्हा बाहेर पडला. थरावर थर साचले आणि त्यांचा काळा, कठीण बसाल्ट खडक झाला. चांदवडचे डोंगर, सप्तशृंगीचा कडा हे सगळे त्याचेच. ऊन, पाऊस आणि वारा यांनी हा खडक हळूहळू कुजतो. अर्धवट कुजलेल्या खडकाचा तांबूस, खरखरीत भुगा म्हणजे मुरूम. तोच भुगा आणखी हजारो वर्षे कुजला की त्याची बारीक, चिकट काळी माती होते. म्हणजे मुरूम आणि काळी माती ही एकाच खडकाची लेकरे आहेत. पण दोघांचे स्वभाव अगदी वेगळे.

कच्चा रस्ता करताना मुरूम पसरतात, त्यावर पाणी शिंपडतात आणि रोलर फिरवतात. मुरुमातले खडे भार घेतात आणि मधली बारीक माती त्यांना एकमेकांशी बांधून ठेवते. रस्ता मधोमध थोडा उंच आणि दोन्ही कडांना उतरता ठेवावा लागतो, कासवाच्या पाठीसारखा. त्यामुळे पावसाचे पाणी वर साचत नाही. ते बाजूच्या चरात उतरते. नव्याने केलेला मुरुमाचा रस्ता चांगलाच असतो. त्यावरून सायकलही सुखाने जाते.

मग बिघडते कुठे?

उन्हाळा येतो. मालेगाव, येवला, नांदगाव या पूर्वेकडच्या तालुक्यांत पाऊस मुळातच कमी, वर्षाला सुमारे पाचशे मिलिमीटर. एप्रिल-मे महिन्यांत मुरूम पार वाळून जातो. वाहने येतात-जातात, तशी खड्यांना बांधणारी बारीक माती सुटते आणि धूळ होऊन उडते. ही तापलेली, पिठासारखी मऊ धूळ म्हणजे ‘फुफाटा’. अनवाणी पाय त्यात घोट्यापर्यंत बुडतो आणि चटके बसतात. ‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. एका संकटातून सुटून दुसऱ्यात पडणे, असा तिचा अर्थ. उर्दूत अशाच वेळी ‘आसमान से गिरा, खजूर में अटका’ असे म्हणतात. इथे एक गंमत सांगतो. उर्दूत ‘गर्द’ म्हणजे धूळ. पण मराठीत ‘गर्द झाडी’ म्हणजे दाट झाडी. निबंध लिहिताना घोटाळा करू नका!

चला, जीप निघाली. मे महिन्यातली दुपार आहे. मालेगाव तालुक्यातल्या माळमाथ्यावर आपण एका वाडीकडे चाललो आहोत.

पहिली गोष्ट दिसते ती चाकोरी. चाके पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणावरून जाऊन जमिनीत दोन समांतर खाचा पडतात, त्यांना चाकोरी म्हणतात. उर्दूत हिलाच ‘लीक’ म्हणतात. ठरलेल्या पद्धतीनेच वागणाऱ्या माणसाला मराठीत ‘चाकोरीतला माणूस’ म्हणतात, ते यावरूनच. चाकोरी उथळ असेल तर चाचा खुशाल तिच्यातून जातात. पण ती खोल असली तर मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. त्यात एखादा दगड असला की इंजिनाच्या खालचा ऑइलचा चेंबर फुटतो, आणि मग गाडी तिथेच उभी राहते. म्हणून चाचा एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेवर घेतात. गाडी थोडी तिरपी होते. तुम्ही एकमेकांच्या अंगावर पडता आणि हसता. चाचा हसत नाहीत. ते पुढे पाहत असतात.

थोड्या वेळाने एक वेगळाच त्रास सुरू होतो. खड्डे दिसत नाहीत, पण सगळी जीप थरथरते. दात एकमेकांवर आपटतात, बोलताना आवाज कापतो. खाली उतरून पाहिले तर रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या दिसतात. एकीपासून दुसरी हातभर, कुठे दोन हात. छपराचा पन्हळी पत्रा जमिनीवर आंथरल्यासारखा रस्ता दिसतो. या लाटा कोणी मुद्दाम केलेल्या नाहीत. मग त्या आल्या कुठून?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात शेकडो किलोमीटर लांबीचे कच्चे रस्ते आहेत आणि त्यांवर अशाच लाटा पडतात. कीथ मॅदर या शास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास यावर प्रयोग केले. वाळूच्या गोल रिंगणात त्याने एक चाक फिरवत ठेवले आणि थोड्या वेळात वाळूवर लाटा उमटल्या. पुढे २००७ साली कॅनडा, फ्रान्स आणि ब्रिटन येथील तीन शास्त्रज्ञांनी असाच प्रयोग अधिक बारकाईने केला. पुष्कळांना वाटायचे की हा गाडीच्या स्प्रिंगांचा दोष असावा. पण त्यांनी स्प्रिंग काढून टाकली, तरी लाटा आल्या. चाक न फिरता नुसते वाळूवरून घासत नेले, तरी लाटा आल्या! मात्र चाकाचा वेग एका मर्यादेपेक्षा कमी ठेवला, तेव्हा वाळू सपाट राहिली.

याचे कारण असे. सैल मातीवर कुठे तरी एक लहानसा उंचवटा असतोच. वेगाने आलेले चाक त्यावर चढते आणि किंचित उडते. पलीकडे ते खाली आदळते, तिथली माती दाबते आणि पुढे ढकलते. तिथे नवा उंचवटा तयार होतो. मागून येणारे चाकही तसेच उडते आणि तिथेच आदळते. हजार गाड्या गेल्या की हजार वेळा तेच घडते. चाक अगदी सावकाश चालले तर ते उडत नाही. उंचवट्याला दाबून सपाट करते. मोटारीसाठी ही मर्यादा फार कमी आहे. माणूस झपाझप चालतो, त्यापेक्षा थोडी जास्त, इतकीच. बैल तर माणसाच्याच चालीने चालतो. म्हणून बैलगाडीच्या वाटेवर चाकोरी पडते, लाटा नाहीत. लाटा मोटारीबरोबर आल्या.

काही चालक या लाटांवर एक युक्ती करतात. ते गाडी एकदम जोरात सोडतात. सत्तर-ऐंशीच्या वेगाला थरथर खरोखरच कमी होते. “पाहा, कसा गुळगुळीत झाला रस्ता!” असे ते अभिमानाने सांगतात. पण रस्ता गुळगुळीत झालेला नसतो. चाके एका लाटेच्या माथ्यावरून दुसऱ्या लाटेच्या माथ्यावर उड्या मारत असतात. म्हणजे बराच वेळ ती जमिनीला टेकलेलीच नसतात. जे चाक जमिनीला टेकलेले नाही, ते वळणार कसे आणि थांबणार कसे? समोर शेळी आली किंवा वळण आले, की मग ती युक्ती महागात पडते. चाचा थरथर सोसतात आणि तीसच्या वर जात नाहीत. कधी कधी रस्त्याच्या अगदी कडेला लाटा कमी असतात, तिकडून ते गाडी काढतात.

थांबण्याचा विषय निघालाच आहे, तर एक हिशेब करून पाहू. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचा ब्रेक दाबला, तर ती सुमारे २० मीटर जाऊन थांबते. सुट्या खड्यांवर तीच मोटार साधारण दुप्पट, म्हणजे ४० मीटर जाते. कारण खडे चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. शिवाय धोका पाहून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात गाडी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. वेग निम्मा केला, तर ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर निम्मे होत नाही, चौथ्या हिश्शावर येते. मोटारसायकलस्वाराने तर सुट्या खड्यांवर पुढचा ब्रेक एकदम दाबूच नये. पुढचे चाक घसरले की तोल सावरायला वेळच मिळत नाही.

समोरून ट्रॅक्टर गेला. धुळीने काही दिसेनासे झाले. चाचा दिवे लावतात, गाडी हळू करतात आणि डाव्या कडेला धूळ बसण्याची वाट पाहतात. त्या पडद्यात ट्रॅक्टरच्या मागे आणखी कोणी असू शकते, हे ते विसरत नाहीत. ही धूळ माणसाच्या छातीत जाते, तशी इंजिनातही जाते. इंजिनाला हवा गाळून देणारा एअर फिल्टर असतो. तो धुळीने भरला की इंजिनाला धाप लागते. अशा रस्त्यांवर रोज जाणारे चालक दर चार-आठ दिवसांनी तो काढून झटकतात.

वाटेत कोरड्या नदीचे पात्र लागले. पाणी नाही, नुसती वाळू. नदी गिरणा असो की मोसम, उन्हाळ्यात अशा पात्रातून गाडी काढताना पुष्कळांची फजिती होते. चाक वाळूत रुतले, की नवशिक्या चालक घाबरतो आणि अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबतो. चाक गरगर फिरते, पण गाडी सरकत नाही. ते चाक स्वतःसाठी खड्डा खणत असते. थोड्याच वेळात गाडीचे पोट वाळूवर टेकते.

इथे उंटाकडून शिकण्यासारखे आहे. उंटाचा तळवा रुंद आणि मऊ असतो. पाय टेकला की तो पसरतो, भार मोठ्या जागेवर वाटला जातो आणि पाय रुतत नाही. राजस्थानात जैसलमेर-बिकानेरकडे उंटगाड्यांना विमानाचे जुने, रुंद टायर लावलेले दिसतात, ते याच कारणाने. मोटारीचे टायर रुंद करता येत नाहीत. पण त्यांतली थोडी हवा काढली, तर टायर जमिनीवर अधिक पसरतो. राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० आणि १९३० च्या दशकांत साध्या फोर्ड मोटारी घेऊन इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात हिंडला. ‘सहारा’ हे त्या वाळवंटाचे नाव म्हणजे तुमच्या ओळखीचा ‘सहरा’ हा अरबी शब्दच. बॅग्नॉल्डने टायरमधली हवा कमी करण्याची ही रीत वापरली. रुतलेल्या चाकांखाली घालायला तो पोलादी पट्ट्या बरोबर नेत असे. उकळलेल्या रेडिएटरची वाफ वाया जाऊ नये म्हणून तिचे पुन्हा पाणी करण्याची सोयही त्याने केली होती. वाळवंटात पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा. पुढे १९४१ साली त्याने वाळू कशी वाहते यावर एक ग्रंथ लिहिला. शास्त्रज्ञ तो आजही वाचतात.

चाचांजवळ पोलादी पट्ट्या नाहीत. त्यांच्याजवळ दोन गोणपाटे, एक फावडे आणि एक लाकडी फळी आहे. फळी जॅकखाली ठेवायची असते. नाही तर मऊ जमिनीत गाडी वर उचलली जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. पाण्याचे दोन कॅनही आहेत, एक माणसांसाठी आणि एक रेडिएटरसाठी. टायरची हवा कमी केली असेल, तर पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी लागते. कमी हवेवर वेगाने गेल्यास टायर तापून फुटतो.

हे झाले उन्हाळ्याचे. जूनमध्ये पाऊस आला की काळ्या मातीची पाळी. या मातीतले कण अतिशय बारीक असतात आणि पाणी शोषून फुगतात. उन्हाळ्यात तीच माती आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीच्या वाटेवर चालून पाहा. दहा पावलांत चपलेला किलोभर चिखल लागतो. चाकाचेही तेच होते. चिखल टायरच्या खाचांत भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी साबणावर ठेवल्यासारखी घसरते. इथे कोणाचेही कौशल्य फारसे चालत नाही. मुरूम पाऊस थांबल्यावर काही तासांत निथळतो. काळ्या मातीला कित्येक दिवस लागतात. म्हणून जाणते चालक अशा वाटेवर गाडी घालतच नाहीत. ती पक्क्या रस्त्यावर उभी करून पायी जातात. यात कमीपणा नाही.

तुम्ही विचाराल, सगळे रस्ते डांबरीच का करत नाहीत? तसे प्रयत्न फार दिवसांपासून चालू आहेत. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. शेतीच्या चांगल्या भागातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, असे तिथे ठरले. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट प्रदेशात पाचशे वस्तीच्या आणि डोंगराळ, आदिवासी व वाळवंटी भागांत अडीचशे वस्तीच्या गावापर्यंत बारमाही रस्ता न्यायचा, असा तिचा हेतू. पुष्कळ गावांना त्यामुळे रस्ता मिळाला. पण अडीचशेपेक्षा लहान पाडे, शेतातल्या वस्त्या आणि पाणंदी उरतातच. आणि डांबराचा रस्ताही पाण्याचा निचरा नसेल तर दोन पावसाळ्यांत उखडतो. वर डांबर असले तरी खाली मुरूम आणि मातीच असते.

आता आपण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला जाऊ. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी. हा सह्याद्रीचा भाग. इगतपुरीला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मालेगावच्या जवळजवळ सहापट. इथे आदिवासींचे पाडे डोंगरांच्या कुशीत विखुरलेले आहेत. पावसाळ्यात काही पाड्यांपर्यंत वाहन जातच नाही. आजारी माणसाला झोळीत घालून, बांबूला बांधून, माणसे खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणतात.

समजा, जुलै महिना आहे. अशाच एका पाड्यावरून झोळीतून आणलेले एक मूल चाचांच्या जीपमध्ये आहे. ते तापाने फणफणले आहे. आईने त्याला मांडीवर घेतले आहे. तालुक्याचा दवाखाना पंधरा किलोमीटरवर आहे. जीप उतार उतरते आहे. चाचांनी दुसरा गिअर टाकला आहे. चढायला जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा घाटातला नियम. मग इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणारे चालक आपल्या आणि दुसऱ्यांच्या जिवाशी खेळतात. समोरून एक पिकअप चढून येते. रस्ता अरुंद आहे. चाचा थांबतात आणि तिला आधी जाऊ देतात. चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी, असा कायदाच आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणे कठीण असते.

उताराच्या पायथ्याशी ओढा आहे. त्यावर उंच पूल नाही, ‘फरशी’ आहे. फरशी म्हणजे ओढ्याच्या पात्रातच बांधलेला बुटका, सपाट पूल. एरवी पाणी खालच्या नळ्यांतून जाते. आज ते वरून वाहते आहे, लाल आणि फेसाळ. फरशीच्या दोन्ही कडांना वाट कळावी म्हणून दगडी खुंट लावलेले असतात. त्यांचे माथे दिसत नाहीत.

चाचा जीप थांबवतात, हँडब्रेक ओढतात. खाली उतरून एक मोठा दगड चाकाला लावतात, कारण जमीन उताराची आहे. दुसरा एक लहान दगड पाण्याच्या अगदी कडेला ठेवतात आणि त्याच्याकडे पाहत उभे राहतात.

मुलाचे वडील म्हणतात, “चाचा, गुडघाभर तर पाणी आहे. घाला ना गाडी.”

“भाऊ, जरा थांबा,” चाचा म्हणतात.

“पोराला बघा तरी!”

चाचा मुलाकडे पाहतात. बोलत नाहीत. पुन्हा दगडाकडे पाहतात.

गुडघाभर पाणी म्हणजे किती, याचा हिशेब करू. आर्किमिडीजचा सिद्धान्त तुम्ही शास्त्राच्या पुस्तकात शिकता. पाण्यात बुडालेली वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या वजनाने पाणी तिला वर उचलते. जीपचा तळ साधारण चार मीटर लांब आणि दीड मीटरहून थोडा अधिक रुंद असतो. तळापासून पाणी दहा सेंटिमीटर वर चढले, की सुमारे सहाशे किलो पाणी बाजूला सारले जाते. गुडघाभर पाण्यात, म्हणजे सुमारे पन्नास सेंटिमीटर खोलीत, जीपचा तळ तीसेक सेंटिमीटर बुडतो. म्हणजे अठराशे किलोंचा उचल! माणसांसकट जीपचे वजन जवळपास तेवढेच. दारांच्या फटींतून पाणी आत शिरेपर्यंत ती जवळजवळ तरंगते. तरंगणाऱ्या वस्तूची चाके जमिनीला धरत नाहीत. मग वाहते पाणी तिला बाजूने ढकलून सहज फरशीखाली नेते. मोटार लहान असेल तर वाहते पाणी एक फूट असले तरी पुरते. आणि गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की मधून वाहून गेली आहे, हे काठावरून कोणालाच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या डोक्यावर पाऊस थांबला, म्हणजे ओढ्याचे पाणी थांबले असे नाही. ते वरच्या डोंगरातून येत असते. गिरणा नदी जिल्ह्याच्या पश्चिमेला केमच्या डोंगरात उगम पावते. तिकडे मुसळधार पाऊस झाला, तर मालेगावला कडक ऊन असतानाही तिला पूर येऊ शकतो. म्हणून चाचा आकाशाकडे पाहत नाहीत, दगडाकडे पाहतात. पाणी दगडावर चढले तर ते वाढते आहे. दगड कोरडा राहिला आणि ओली रेघ खाली सरकली तर ते उतरते आहे.

या वेळात एक काम करता येते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात आहे. चाचा मुलाच्या वडिलांना टेकाडावर पाठवतात, कारण खाली मोबाइलला रेंज नाही. “गावाचे नाव सांगा, आणि ओढ्याच्या अलीकडे आहोत हेही सांगा. गाडीला म्हणावं, पलीकडच्या काठावर थांब.” आई मुलाच्या कपाळावर ओला पदर ठेवते.

अर्धा तास जातो. ओली रेघ एक वीत खाली येते. फरशीच्या दगडी खुंटांचे माथे पाण्याबाहेर दिसू लागतात, एक, दोन, मग सगळे. पलीकडे अजून रुग्णवाहिका दिसत नाही. चाचा आणखी थोडे थांबतात. फरशीवर वीतभरापेक्षा कमी पाणी उरते, फेस जातो आणि खालचा सिमेंटचा पृष्ठभाग सलग दिसतो. तेव्हा ते म्हणतात, “बसा.”

आता पहिला गिअर. एकसारखा, सावकाश वेग. मध्ये थांबायचे नाही, गिअर बदलायचा नाही, क्लच दाबून धरायचा नाही. नाही तर सायलेन्सरमधून पाणी आत शिरते आणि इंजिन बंद पडते. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीन वेळा हलकेच दाबून पाहायचे; ओले ब्रेक लागत नाहीत, घासून ते कोरडे होतात. मग पुन्हा चढ आणि पुढे तालुक्याचा रस्ता. हे सगळे चाचांना पाठ आहे.

सगळे घाईने जीपमध्ये बसतात. वडील दार लावून घेतात. इंजिन सुरू होते, जीप हातभर पुढे सरकते आणि थांबते. चाचा खाली उतरतात.

“आता काय राहिलं?” वडील ओरडतात.

चाकाला लावलेला तो मोठा दगड रस्त्याच्या मधोमध पडलेला असतो. अंधार पडल्यावर इथून कोणी तरी मोटारसायकलवर येणार असतो. चाचा दोन्ही हातांनी दगड उचलतात, कडेच्या गवतात नेऊन ठेवतात, पँटला हात पुसतात आणि स्टिअरिंगवर येऊन बसतात.